पोरक्या नोंदी शोधण्याआधी इंडेक्स तपासा

घणसोलीला आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी नावांचा फलक आहे. डावीकडे सदनिका क्रमांक, उजवीकडे आडनाव. पोस्टमन, कुरिअरवाला, गॅसवाला, सगळे आधी त्याच्याकडे बघतात आणि मग वर जातात. तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब सानपाड्याला राहायला गेलं, त्यांचं नाव फलकावर तसंच राहिलं. पाचव्या मजल्यावर नवे भाडेकरू आले, त्यांचं नाव कुणी लावलंच नाही. त्यांचं बँकेचं टपाल दोनदा परत गेलं. माणसं घरात होती, दिवे लागलेले होते, पण फलकावर नव्हती म्हणून पोस्टमनच्या लेखी ती नव्हतीच.

डेटाबेसमधला इंडेक्स हा असाच फलक आहे. टेबल म्हणजे खरी घरं, इंडेक्स म्हणजे कुठलं घर कुठे आहे ते पटकन सांगणारी यादी. फलक चुकला तर घर पडत नाही, पण घर शोधणारा प्रत्येक जण चुकतो. ऐरोलीत आमच्याकडे कामाला लागणाऱ्या नव्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. हा लेख त्याच शिकवणीचा आहे. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेसची देते, कारण रोजचं काम त्यावर आहे. बाकीच्या डेटाबेसबद्दल शेवटी थोडक्यात लिहिलं आहे. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

दोन वेगळे दोष

नवीन माणूस हे दोन दोष हमखास एकात मिसळतो, म्हणून आधी ते वेगळे करू.

पहिला दोष इंडेक्सच्या विसंगतीचा. टेबलमध्ये नोंद आहे, पण इंडेक्समध्ये ती नाही, किंवा आहे पण चुकीच्या जागी. डिस्क बिघडली, सर्व्हर भलत्या वेळी बंद पडला, डेटाबेसच्या एखाद्या आवृत्तीत चूक होती, ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, अशी याची कारणं असतात.

दुसरा दोष पोरक्या नोंदीचा. पावती आहे, पण ज्या सदनिकेची ती पावती, ती सदनिकाच टेबलमध्ये नाही. पालक गेला, मूल राहिलं. इंडेक्स इथे ठणठणीत असू शकतो. चूक बहुतेक वेळा ॲप्लिकेशनची, घाईघाईत केलेल्या डेटा इम्पोर्टची, किंवा टेबलांमधल्या नात्याचं बंधन बंद करून काम उरकणाऱ्या माणसाची असते.

आता मुद्द्याची गोष्ट. पोरक्या नोंदी शोधणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, स्वतः इंडेक्सवरून चालू शकते. फलकच चुकलेला असेल तर ती क्वेरी नांदत्या घरातल्या माणसाला बेघर ठरवते. म्हणून क्रम कधीही उलटा करायचा नाही: आधी इंडेक्स, मग पोरक्या नोंदी.

हा क्रम मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करायचे तिथे गृहनिर्माण संस्थांच्या मेंटेनन्स बिलांचा डेटाबेस होता. सदनिकेचा कोड मजकुराच्या रूपात साठवलेला असायचा, इमारत आणि घर क्रमांक मध्ये आडवी रेघ देऊन: 1-12 म्हणजे इमारत 1, घर 12. आम्ही सर्व्हर जुन्या सेंटओएस 7 वरून नव्या लिनक्सवर नेला. डेटाच्या फाईल्स जशाच्या तशा उचलून ठेवल्या, सकाळी सगळं सुरू झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. रात्री ठरलेली सफाईची स्क्रिप्ट चालली: ज्या पावतीची सदनिका सापडत नाही ती पावती काढून टाक. दुसऱ्या दिवशी एका संस्थेच्या खजिनदार काकांचा फोन आला. "मॅडम, पावती माझ्या हातात आहे, तुमच्या स्क्रीनवर का नाही?" शंभरावर पावत्या गेल्या होत्या. सदनिका मात्र सगळ्या टेबलमध्ये जागच्या जागी होत्या. बॅकअप होता म्हणून पावत्या परत आणता आल्या, पण ते दोन दिवस मी विसरलेले नाही.

झालं काय होतं ते नीट समजून घ्या, कारण हा प्रसंग आजही कुणावरही येऊ शकतो. मजकुराचा क्रम लावण्याचं काम पोस्टग्रेस बहुतेक ठिकाणी लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीवर सोपवतं. 2018 मध्ये आलेल्या जीलिबसी 2.28 मध्ये क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. सेंटओएस 7 मध्ये जीलिबसी 2.17 होती. तिच्या नियमात आडवी रेघ पहिल्या फेरीत जमेसच धरली जात नसे. म्हणजे 1-12 वाचलं जायचं 112 असं, आणि 11-1 वाचलं जायचं 111 असं. त्यामुळे 11-1 आधी आणि 1-12 नंतर. नव्या नियमात रेघ मोजली जाते आणि ती अंकांच्या आधी येते. त्यामुळे 1-12 आधी, 11-1 नंतर. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोधणारा नव्या क्रमाने चालणारा, मग तो वाटेतल्या फाट्यावर चुकीच्या बाजूला वळणारच.

मराठी माणसाला हे कोशावरून चटकन कळेल. काही कोशांत 'क्ष' हा 'क'च्या पोटात असतो, काहींत अगदी शेवटी. शेवटी बघायची सवय असलेल्याच्या हातात पहिल्या प्रकारचा कोश दिला, तर तो शेवटची पानं चाळेल आणि खात्रीने सांगेल की 'क्षमा' हा शब्द या कोशात नाही. शब्द आहे, फक्त शोधणाऱ्याचा आणि रचणाऱ्याचा क्रम जुळत नाही.

पायरी 1: सरावासाठी योग्य नक्कल घ्या

चालू यंत्रणेवर थेट हात घालू नका, आधी नक्कल घ्या. पण नक्कल कशी घेता यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथे मी चांगल्या चांगल्या अनुभवी लोकांना फसलेलं पाहिलं आहे. पीजी_डंप या प्रोग्रामने डंप, म्हणजे डेटा परत भरण्याच्या आज्ञांची फाईल, काढून दुसऱ्या मशीनवर रिस्टोर केलात, तर तिथे सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात. त्यात दोष सापडणारच नाही. तुम्ही 'सगळं ठीक' असा अहवाल द्याल आणि मूळ सर्व्हरवर बिघाड तसाच राहील. डंपने रोग्याचा फोटो मिळतो, रोगी नाही.

त्यामुळे पीजी_बेसबॅकअपने फाईल्सच्या पातळीवरची नक्कल घ्या, आणि ती ज्या मशीनवर ठेवाल तिथली ऑपरेटिंग सिस्टिम मूळ सर्व्हरसारखीच असू द्या. लायब्ररीची आवृत्ती वेगळी असली तर नक्कलेवर असे दोष दिसतील जे मूळ जागी नाहीत, किंवा उलटं. हाच नियम रेप्लिकालाही (मुख्य सर्व्हरची सतत ताजी राहणारी प्रत) लागू आहे: मुख्य सर्व्हर एका लिनक्सवर आणि रेप्लिका दुसऱ्या लिनक्सवर असेल तर मुख्य सर्व्हरवर बरोबर असलेला इंडेक्स रेप्लिकावर चुकीची उत्तरं देऊ शकतो.

आणि बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तो परत चढतो का ते एकदा करून बघा.

पायरी 2: वरवरची पाहणी

तपासणी सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, अर्धवट राहिलेले इंडेक्स. पीजी_इंडेक्स या सिस्टिम टेबलमध्ये इंडिसव्हॅलिड नावाचा कॉलम असतो. तो फॉल्स असलेली नोंद दिसली आणि इंडेक्स बांधण्याचं काम सध्या चालू नसेल, तर ते काम मध्येच तुटलं आहे. चालू यंत्रणेवर इंडेक्स नव्याने बांधताना काम फसलं तर नावाच्या शेवटी सीसीन्यू जोडलेला इंडेक्स मागे राहतो. क्वेरी तो वापरत नाही, पण प्रत्येक इन्सर्टला त्याचा भार मात्र सोसावा लागतो. असा दिसला की काढून टाका.

दुसरी गोष्ट कोलेशनची आवृत्ती, म्हणजे मजकुराचा क्रम लावणाऱ्या नियमांची आवृत्ती. पोस्टग्रेस 15 पासून पुढे डेटाबेसला जोडणी करताच आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा येतो. तो इशारा लाल रंगात नसतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात. काही जण याहून वाईट करतात: 'ऑल्टर डेटाबेस रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' ही आज्ञा देऊन इशारा बंद करतात. त्या आज्ञेने फक्त नोंदवलेली आवृत्ती बदलते, इंडेक्स दुरुस्त होत नाही. आधी मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स नव्याने बांधायचे आणि मगच ती आज्ञा द्यायची.

आणखी एक विचारून घ्या: सर्व्हर कधी पोस्टग्रेस 14 च्या सुरुवातीच्या आवृत्तीवर होता का? 14.0 ते 14.3 या आवृत्त्यांत काम चालू ठेवून इंडेक्स बांधण्याच्या सोयीत दोष होता, त्यामुळे इंडेक्समध्ये काही नोंदी गळत आणि कुठेही चूक दाखवली जात नसे. जून 2022 मध्ये आलेल्या 14.4 ने तो दोष काढला, पण आधी बांधलेले इंडेक्स आपोआप सुधारले नाहीत.

पायरी 3: एएमचेक

पोस्टग्रेस 10 पासून एएमचेक नावाचं एक्स्टेन्शन सोबतच येतं. 'क्रिएट एक्स्टेन्शन एएमचेक' दिलं की दोन कामाची फंक्शनं हाताशी येतात.

बीटी_इंडेक्स_चेक हे हलकं. साध्या सिलेक्टला जेवढं लॉक लागतं तेवढंच याला लागतं, म्हणून दिवसाढवळ्या चालवलं तरी कुणाचं काम अडत नाही. ते बी-ट्री, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारख्या क्रमाने रचलेल्या, इंडेक्सची पानं वाचून क्रम बरोबर आहे का ते बघतं. पण नुसतं क्रम बघणं म्हणजे फलकावरचे क्रमांक ओळीने आहेत का एवढंच बघणं. प्रत्येक घराचं नाव फलकावर आहे का, हे बघायचं तर दुसरं आर्ग्युमेंट हीपऑलइंडेक्स्ड ट्रू करायचं. ही सोय पोस्टग्रेस 11 मध्ये आली. मी हे आर्ग्युमेंट न देता केलेली तपासणी तपासणी म्हणून मोजत नाही.

हीपऑलइंडेक्स्डला मेमरी लागते. दर नोंदीमागे साधारण 2 बाइट दिले, तर एखादी हरवलेली नोंद नजरेतून सुटण्याची शक्यता 2 टक्क्यांच्या आत राहते. ही मेमरी मेंटेनन्स_वर्क_मेम या सेटिंगमधून घेतली जाते. पाच कोटी नोंदींच्या टेबलला शंभर एमबी, हा हिशोब लक्षात ठेवा आणि त्या सेशनपुरतं सेटिंग वाढवून घ्या.

बीटी_इंडेक्स_पेरेंट_चेक हे जड. ते वरच्या आणि खालच्या पानांचा मेळ घालून बघतं, आणि ते चालू असेपर्यंत त्या टेबलवर इन्सर्ट, अपडेट, डिलीट थांबून राहतात. रेप्लिकावर ते चालतच नाही. हे नक्कलेवर चालवा. मूळ सर्व्हरवर चालवायची वेळ आलीच तर रविवारी पहाटे, वरिष्ठांना सांगून.

पोस्टग्रेस 14 पासून पीजी_एएमचेक हा कमांड लाइनवरचा प्रोग्रामही मिळतो. तो पूर्ण डेटाबेस एका फटक्यात तपासतो आणि टेबलची पानंही बघतो. शेकडो इंडेक्स असतील तर हाच वापरा.

बिघाड असेल तर एरर येतो. काहीच आलं नाही म्हणजे इंडेक्स पास, हे नव्या माणसाला चमत्कारिक वाटतं, पण तसंच आहे. 'आयटम ऑर्डर इन्व्हेरियंट व्हायोलेटेड' असं आलं तर क्रम बिघडला आहे. आमच्या त्या आडव्या रेघेच्या घोळात हाच संदेश आला होता. 'लॅक्स मॅचिंग इंडेक्स टपल' असे शब्द दिसले तर टेबलमध्ये नोंद आहे आणि इंडेक्समध्ये नाही.

उलट बाजूची एक शंका दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतं: इंडेक्समध्ये आहे पण टेबलमधली नोंद डिलीट झाली आहे, त्याचं काय? पोस्टग्रेसमध्ये हे रोजचं आहे. नोंद डिलीट झाली तरी इंडेक्समधली तिची खूण व्हॅक्यूम, म्हणजे मेलेल्या नोंदींची सफाई, होईपर्यंत तशीच असते, आणि क्वेरी टेबलमध्ये डोकावून ती खूण बाजूला सारते. तिसऱ्या मजल्यावरचं जुनं नाव फलकावर राहिल्यासारखं आहे हे: पोस्टमनला एक जिना जास्त चढावा लागतो, पण टपाल भलत्याच्या हाती जात नाही. त्याला बिघाड समजू नका.

हाताने करायची एक ताळापरीक्षा

एखाद्या विशिष्ट इंडेक्सबद्दल शंका असेल तर मी मुलांना हे करायला लावते, कारण डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. नक्कलेवर एक सेशन उघडा. सदनिका टेबलमध्ये कोड 1-12 शोधा आणि उत्तर लिहून ठेवा. मग त्याच सेशनमध्ये इनेबल_इंडेक्सस्कॅन, इनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि इनेबल_बिटमॅपस्कॅन ही तिन्ही सेटिंग ऑफ करा आणि तीच क्वेरी पुन्हा चालवा. आता डेटाबेस फलकाकडे न बघता प्रत्येक दार वाजवत जाईल. पहिल्या वेळी शून्य नोंदी आणि दुसऱ्या वेळी एक, असं दिसलं तर पुरावा तुमच्या समोर आहे. प्रत्येक वेळी एक्सप्लेन लावून क्वेरी खरंच कोणत्या वाटेने गेली ते बघा, नाहीतर छोट्या टेबलवर पहिल्या वेळीही इंडेक्स वापरलेला नसतो आणि तुलना फोल जाते.

पायरी 4: इंडेक्स दुरुस्त करा

दुरुस्तीआधी बिघडलेल्या अवस्थेची नक्कल जपून ठेवा. इंडेक्स नव्याने बांधला की पुरावा जातो आणि कारण शोधायला काही उरत नाही.

पोस्टग्रेस 12 पासून 'रीइंडेक्स इंडेक्स कन्करंटली' मिळतं. काम चालू ठेवून नवा इंडेक्स बांधला जातो. त्यासाठी डिस्कवर नव्या इंडेक्सएवढी जागा मोकळी हवी, हे आधी बघा.

युनिक इंडेक्स, म्हणजे एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा, असेल तर एक धक्का बसू शकतो. इंडेक्स बिघडलेला असताना डेटाबेसला '1-12 आधीच आहे' हे दिसलं नसेल, आणि त्याने दुसरी 1-12 आत घेतली असेल. मग रीइंडेक्स करताना 'की डुप्लिकेटेड' म्हणून काम थांबतं. घाबरू नका आणि घाईने एक नोंद उडवूही नका. ग्रुप बाय आणि हॅविंग काउंट लावून जोड्या काढा, मात्र त्या वेळीही इंडेक्सची सेटिंग ऑफ ठेवा. मग प्रत्येक जोडीला कोणत्या पावत्या टांगल्या आहेत ते बघून निर्णय घ्या.

आणि बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय काम संपलं असं म्हणू नका. एकाच वेळी अनेक असंबंधित इंडेक्स बिघडले असतील, आकड्यांच्या कॉलमवरचेसुद्धा, तर कोलेशनकडे नाही, डिस्ककडे बोट जातं.

पायरी 5: आता पोरक्या नोंदी

फलक बरोबर आहे याची खात्री झाली. आता विचारू शकतो की कोणत्या पावतीला घर नाही.

सिलेक्ट पा.पावती_क्र, पा.सदनिका_कोड
फ्रॉम पावती पा
व्हेअर पा.सदनिका_कोड इज नॉट नल
अँड नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट 1 फ्रॉम सदनिका स व्हेअर स.कोड = पा.सदनिका_कोड);

नल असलेली ओळ मुद्दाम वगळली आहे. कोडच भरलेला नाही अशी पावती पोरकी नसते, ती अपुरी असते, आणि तिचा निवाडा वेगळा करायचा. नॉट एक्झिस्ट्सच्या जागी नॉट इन लिहू नका. आतल्या यादीत एक जरी नल असला तरी नॉट इन एकही नोंद देत नाही, आणि तुम्ही 'एकही पोरकी नोंद नाही' म्हणून मोकळे होता. मी हा एकच धडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते.

फॉरेन की (मुलाच्या नोंदीला पालक असलाच पाहिजे हे बंधन) जाहीर केलेली आहे म्हणजे पोरकी नोंद असणं शक्यच नाही, असं समजू नका. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की आतून ट्रिगरवर, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या कामावर, चालते. डेटा पटकन चढवायला कुणी सेशन_रेप्लिकेशन_रोल हे सेटिंग रेप्लिका केलं किंवा टेबलवरचे ट्रिगर बंद केले, तर त्या वेळी आलेल्या नोंदी कुणीही तपासलेल्या नसतात, आणि नंतर ट्रिगर सुरू केले तरी जुन्या नोंदी मागे जाऊन तपासल्या जात नाहीत. शिवाय ज्या नात्यांना फॉरेन की लावलेलीच नाही, ती तुम्हाला कॉलमच्या नावांवरून आणि ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांना विचारून शोधावी लागतात. त्यांची एक वही करा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक पोरक्या नोंदी याच न लिहिलेल्या नात्यांत सापडतात.

पोरकी दिसणारी, पण नसलेली

मराठी डेटा हाताळणाऱ्याने हा भाग सावकाश वाचावा.

क्वेरीत दीडशे पोरक्या पावत्या आल्या. हातात घेऊन बघितल्या तर एका ठिकाणी कोड आहे '1-12' आणि शेवटी एक मोकळी जागा. दुसऱ्या ठिकाणी '१-१२', कारण कार्यालयातल्या ताईंच्या संगणकावर मराठी कीबोर्ड चालू होता. माणसाला दोन्ही सारखेच, डेटाबेसला पूर्ण वेगळे. ही घरं हरवलेली नाहीत, पत्ता वेगळ्या हाताने लिहिला आहे एवढंच.

सगळ्यात फसवा आहे 'ऱ्ह' आणि 'ऱ्य'. जुन्या एक्सेल शीटमधून आलेल्या डेटात जोडणी कधी कधी आडनावावरच केलेली असते. 'गोऱ्हे' हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. लेंग्थ फंक्शन लावा: पहिल्याची लांबी 6 येते, दुसऱ्याची 7. पोस्टग्रेस 13 पासून नॉर्मलाइझ फंक्शन मिळतं, पण ते या दोघांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन वेगळी लेखनं आहेत. तुम्हाला स्वतः एक रूप ठरवून दुसरं त्यात बदलून घ्यावं लागतं. पोरकी नोंद दिसली की आधी लांबी बघायची, ही सवय लावून घ्या.

पायरी 6: निर्णय

खऱ्या पोरक्या नोंदी उरल्या की हात डिलीटकडे जातो. तो आवरा. पावती म्हणजे कुणीतरी पैसे भरल्याचा पुरावा आहे. पालक सापडत नाही याचा अर्थ मूल खोटं असा नाही. कित्येकदा मूल खरं असतं आणि पालकच चुकून पुसला गेलेला असतो.

पोरक्या_पावत्या नावाचं वेगळं टेबल करा. मूळ नोंद पूर्ण त्यात घाला, सोबत तीन कॉलम: कधी सापडली, कोणत्या क्वेरीने, आणि कारणाचा अंदाज. मग जुने बॅकअप उघडून सदनिका कधी गायब झाली ते शोधा. सदनिका पुसली गेली असेल तर ती परत आणा. कोड चुकला असेल तर संस्थेच्या व्यवस्थापकाला विचारून बरोबर कोड लावा. अंदाजाने लावू नका, कारण 1-12 आणि 11-2 मधली रेघ सरकली तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात. चाचणीसाठी घातलेल्या नोंदी असतील तर लेखी संमती घेऊन काढा. जे कशातच बसत नाही ते त्या टेबलमध्ये राहू द्या. त्याने जागा फारशी जात नाही.

पायरी 7: दार बंद करा

नातं जाहीर नसेल तर आता फॉरेन की लावा. मोठ्या चालू टेबलवर ती दोन टप्प्यांत लावायची: आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून, त्यामुळे नव्या नोंदी लगेच तपासल्या जाऊ लागतात आणि टेबल फार वेळ अडत नाही. मग सवडीने 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट', म्हणजे जुन्या नोंदी तपासल्या जातात. दुसरा टप्पा विसरून गेलेली कित्येक टेबलं मी पाहिली आहेत.

पोस्टग्रेस फॉरेन की लावताना मुलाच्या कॉलमवर, म्हणजे पावती.सदनिका_कोडवर, आपोआप इंडेक्स बांधत नाही. तो तुम्ही बांधा. नाहीतर एक सदनिका डिलीट करताना डेटाबेस सगळ्या पावत्या चाळत बसतो.

दुसरे डेटाबेस

मायएसक्यूएलमध्ये 'चेक टेबल' ही आज्ञा इंडेक्स तपासते. तिथला मोठा खड्डा म्हणजे फॉरेन_की_चेक्स 0 करणं: पुन्हा 1 केल्यावर मधल्या काळातल्या नोंदी तपासल्या जात नाहीत, त्यामुळे वरची नॉट एक्झिस्ट्स क्वेरी तुम्हालाच चालवावी लागते. जुनं टेबल मायआयसॅम या साठवणीच्या जुन्या पद्धतीवर असेल तर फॉरेन की लिहिलेली असूनही ती कधी पाळलीच गेलेली नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये इंडेक्ससाठी 'डीबीसीसी चेकडीबी' आणि नात्यांसाठी 'डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स' अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. सिस.फॉरेन_कीज मध्ये इज_नॉट_ट्रस्टेड 1 असलेली, म्हणजे पूर्ण न तपासलेली, नातीही बघून घ्या. चेकडीबीसोबत येणारा 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' हा पर्याय नावातच काय ते सांगतो. बॅकअप हाताशी असताना त्याला हात लावायचं कारण नाही.

ओरॅकलमध्ये 'ॲनालाइझ टेबल व्हॅलिडेट स्ट्रक्चर कॅस्केड' हे टेबल आणि इंडेक्सचा मेळ घालून बघतं. चालू यंत्रणेवर त्यापुढे 'ऑनलाइन' हा शब्द लावा.

कधी तपासायचं

ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की त्याच दिवशी, ॲप्लिकेशन सुरू करण्याआधी. सर्व्हर वीज जाऊन बंद पडला की त्याच दिवशी. मोठा डेटा इम्पोर्ट झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी. बाकी वेळी हलकी तपासणी आठवड्याला आणि पोरक्या नोंदींची क्वेरी महिन्याला, असं आम्ही ठरवलं आहे. आपोआप डिलीट करणारी सफाईची स्क्रिप्ट मात्र मी तेव्हापासून कुठेही चालू दिलेली नाही. स्क्रिप्टने यादी काढावी, ती माणसाने वाचावी.

आज रात्री करून बघा

सरावाला सर्व्हर लागत नाही. लॅपटॉपवर एसक्यूएलाइट उघडा. सदनिका आणि पावती अशी दोन टेबलं करा, सदनिकेचा कोड प्रायमरी की, म्हणजे नोंदीची मुख्य ओळख, ठरवा आणि पावतीला सदनिकेची फॉरेन की लावा. आता सदनिकेत फक्त 1-12 घाला आणि पावती घाला 11-1 ची. एसक्यूएलाइट ती पावती बिनतक्रार घेईल, कारण तिथे फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते आणि दर जोडणीला 'प्राग्मा फॉरेन_कीज ऑन' म्हणून चालू करावी लागते.

आता 'प्राग्मा इंटिग्रिटी_चेक' द्या. उत्तर येईल: ओके. इंडेक्स आणि टेबल यांचा मेळ बरोबर आहे, खोटं काही नाही. मग 'प्राग्मा फॉरेन_की_चेक' द्या. एक ओळ येईल, चार कॉलमची: टेबल पावती, त्यातल्या नोंदीचा रोआयडी म्हणजे अंतर्गत ओळ क्रमांक, पालक टेबल सदनिका, आणि फॉरेन कीचा क्रमांक 0. तो रोआयडी घेऊन पावती टेबलमध्ये जा आणि 11-1 ची ती नोंद उघडून बघा.